शेजारच्या घरात नीट-जेईई-सीईटीचं पोरगं आहे? मग एवढं करा

घरात बारावी सायन्सचं पोर आहे हे कळलं की सोलापुरात आधी सल्ले सुरू होतात. जिन्यात भेटलेले काका, किराणावाले अण्णा, लग्नात गाठ पडलेली आत्याची जाऊ, सगळ्यांचा पहिला प्रश्न डॉक्टर का इंजिनिअर, दुसरा क्लास कुठला, आणि तिसऱ्या वाक्याला स्वतःच्या भाच्याचे मार्क. चांगल्या मनानंच बोलतात हो, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण त्या पोराचं घरात, कॉलेजात, क्लासमध्ये इतकं ऐकून झालेलं असतं की अजून एक वाक्य ऐकायची ताकद उरलेली नसते. त्याच्यावरची आणि त्याच्या आईबापावरची चार कामं कुणीतरी उचलावीत एवढंच पाहिजे असतं, आणि न बोलता उचलली तर अजून बरं. ती कामं कुठली, कधी आणि कशी उचलायची ते इथं लिहितेय, शेजारी, पाहुणे, मंडळवाले, सोसायटीवाले सगळ्यांसाठी. ज्यांच्या घरातच परीक्षा आहे त्यांनी वाचलं नाही तरी चालेल, त्यांना तेवढा वेळ नाहीये.

दक्षिण कोरियात नोव्हेंबरातल्या एका गुरुवारी सुनुंग नावाची प्रवेश परीक्षा असते. त्या दिवशी तिथं ऑफिसं आणि शेअर बाजार तासभर उशिरा उघडतात, म्हणजे सकाळी रस्त्यावर गर्दी नको. उशीर झालेल्या पोरांना पोलीस गाडीवर घालून सेंटरला सोडतात. आणि इंग्रजीचा ऐकायचा पेपर असतो त्या ३५ मिनिटांत देशभरात विमानं उतरत नाहीत आणि उडतही नाहीत. आपल्याकडं विमानं कुणी थांबवणार नाही, पण बुधवारी रात्री साडेअकराला वरातीतला डीजे थांबवणं काही एवढं अवघड नाही, ते आपल्या हातात आहे. (परीक्षेचं एवढं कौतुक करणं बरं का वाईट हा वेगळा विषय, कोरियातल्या पोरांवरचं टेन्शन काही त्यानं कमी झालेलं नाही.)

आधी कॅलेंडर समजून घ्या

मदत चुकीच्या वेळी केली तर ती कटकट होते, म्हणून कधी काय असतं ते माहिती पाहिजे. इंजिनिअरिंगची देशपातळीवरची जेईई मेन दोनदा असते, एकदा जानेवारीत आणि एकदा एप्रिलमध्ये. फेब्रुवारी-मार्चला बोर्डाची बारावी. एप्रिल-मे मध्ये राज्याची एमएचटी-सीईटी, पीसीएम (फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स) आणि पीसीबी (मॅथ्सऐवजी बायोलॉजी) वेगवेगळी. आणि मेच्या सुरुवातीला रविवारी दुपारी दोन ते पाच मेडिकलची नीट. म्हणजे दोन्ही ग्रुप घेतलेलं पोर जानेवारी ते मे सलग कुठल्या ना कुठल्या परीक्षेत असतं. २०२५ ला तर ४ मेला नीट झाली आणि ५ मेला बारावीचा निकाल, पोरांना झोपायलासुद्धा एकच रात्र मिळाली.

आता हेच कॅलेंडर सोलापूरच्या कॅलेंडरवर ठेवून बघा. जानेवारीत संक्रांतीला सिद्धेश्वरांची गड्डा यात्रा, नंदीध्वजाच्या मिरवणुका, आणि होम मैदानावरचा बाजार, पाळणे पुढं बरेच दिवस चालू. जेईईचं पहिलं सत्र साधारण त्याच महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात. फेब्रुवारीत शिवजयंती, तेव्हा बारावी चालू. एप्रिलमध्ये आंबेडकर जयंती, लग्नसराई, आणि वर ४२-४३ डिग्रीचं ऊन. मी सण बंद करा म्हणत नाहीये, गड्डा नसेल तर ते सोलापूर कसलं. एवढंच की पार्क चौकात किंवा देवळाच्या आसपास राहणारं पोर असेल तर त्या आठवड्यात त्याला जुळे सोलापूर किंवा विजापूर रोडच्या मामाकडं राहायला बोलवा, आणि बोलवलं तर खोली द्या, हॉलमधला टीव्हीसमोरचा सोफा देऊ नका.

पाणी

हे मी सगळ्यात वर लिहायला पाहिजे होतं खरं तर, कारण बाहेरगावच्या कुठल्याही तज्ज्ञाच्या यादीत हे येणार नाही. आपल्याकडं नळाला पाणी रोज येत नाही, कुठं चार दिवसांनी, कुठं पाचव्या दिवशी, आणि वेळ म्हणाल तर कधी पहाटे तीनला कधी रात्री बाराला. पाणी आलं की सगळं घर उठतं. आई मोटर लावते, वडील गच्चीवर टाकी बघायला जातात, आणि पोरगं अभ्यासाला जागंच आहे म्हणून त्याच्या हातात पाइप. बॅरल भरला का बघ, खालचा हौद बघ, आज्जीची घागर राहिली, मोटर बंद कर, अगं नको इतक्यात. दीड-दोन तास गेले. त्यानंतर पुस्तक उघडून ऑरगॅनिक केमिस्ट्री डोक्यात शिरेल का, तुम्हीच सांगा.

तर परीक्षेच्या आधीचे पंधरा-वीस दिवस शेजाऱ्यांनी हे काम वाटून घ्यायचं. अपार्टमेंट असेल तर वॉचमन किंवा कमिटीतला एक जण त्या फ्लॅटचं बघेल, वाडा किंवा चाळ असेल तर ज्यांच्याकडं तरणी माणसं आहेत त्यांनी. आमच्या इथं एका मुलीसाठी समोरच्या भाभींनी सरळ सांगितलं की तुमचा पाइप माझ्याकडं द्या, माझा हौद भरला की तुमचा लावते, तुम्ही झोपा. तिला उठवायचंच नाही असं ठरलं. मुलीच्या आईला आधी संकोच वाटत होता, कुणाला कशाला त्रास, पण दोन वेळा झाल्यावर सवय झाली. हे असं आपण होऊन विचारावं लागतं, कुणी मागायला येत नाही. आणि विचारताना "काही लागलं तर सांगा" असं म्हणू नका, त्यावर माणूस "हो हो" म्हणतो आणि काही सांगत नाही. "गुरुवारचं पाणी मी भरते" असं म्हणा.

आवाज

पूर्व भागातल्या पोरांना यंत्रमागाच्या खटखटीचा त्रास होत नाही हे मी बघितलंय, जन्मापासून ऐकलेला आवाज तो, उलट लाइट जाऊन माग थांबले की झोपलेली पोरं जागी होतात. त्रास होतो तो मधूनच येणाऱ्या आवाजाचा. डीजेचा बेस, जिन्यात फोनवर ओरडून बोलणं, रविवारी दुपारी गच्चीवर ड्रिल मशीन, आणि टीव्हीवरच्या सिरीयली.

नियम साधा आहे, रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकर बंद, हा २००० सालच्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमांतला आहे. वर्षातले ठराविक सणाचे दिवस सोडले तर त्याला सूट नाही. पण पहिला फोन पोलिसांना करू नका, वाकडेपणा येतो आणि मग पोराचंच नाव निघतं की याच्यामुळं आमच्या दादाचं लग्न थांबलं. लग्नघरातल्या वयस्कर माणसाला दोन दिवस आधी घरी जाऊन भेटा, शक्यतो गल्लीतल्या एखाद्या मान असलेल्या आज्जीला बरोबर घ्या, आणि म्हणा की वरात होऊ द्या जोरात, फक्त दहाला बंद करा आणि आमच्या बोळासमोर थांबू नका. बहुतेक लोक ऐकतात. नाहीच ऐकलं तर ११२ आहे, पण तो फोन मोठ्यांनी करायचा, पोराला किंवा त्याच्या आईला करायला लावायचा नाही.

सोसायटीत काम काढायचं असेल, टाइल्स, प्लंबिंग, रंग, तर नीटची परीक्षा होईपर्यंत थांबा. मे च्या दुसऱ्या आठवड्यात तोडा की काय तोडायचं ते.

बसायला जागा

दोन खोल्यांत सहा माणसं, त्यात आई दिवसभर विड्या वळतेय, आज्जीचा खोकला, धाकट्याचा मोबाईल. विडी घरकुलात किंवा अशोक चौकाच्या मागं असलं घर म्हणजे नवल नाही. पैसे भरून अभ्यासिकेत जागा घेता येते, शहरात आता बऱ्याच झाल्यात, पण महिन्याचे पैसे सगळ्यांना जमत नाहीत. आणि दुसरीकडं आपल्याच गल्लीत गणेश मंडळाची नाहीतर तालमीची खोली असते, जी वर्षातले अकरा महिने कुलपात, आत जुने स्पीकर, ढोल आणि मखराचे थर्माकोल.

ती खोली उघडा. खर्च फार नाही, पण डोकं लावावं लागतं. टेबल-खुर्ची एक वेळ मागून आणता येते, कुणाच्या शाळेची जुनी बाकं असतात. पंखा आणि ट्यूब मात्र चांगली पाहिजे, एप्रिलमध्ये पत्र्याच्या खोलीत पंख्याशिवाय बसणं म्हणजे शिक्षा, पत्रा असेल तर वर गोणपाट टाकून दुपारी पाणी मारा. मोबाईलवर लेक्चर बघतात म्हणून चार्जिंगचे पॉइंट चार तरी पाहिजेत. लाइट जाते म्हणून एखादा इन्व्हर्टर, मंडळाकडं असतोच. प्यायच्या पाण्याचा जार. आणि सगळ्यात महत्त्वाचं, जे पोरांची मंडळं कायम विसरतात, मुलींसाठी संडास कुठला आणि त्याची चावी कुणाकडं. हे ठरलं नाही तर मुली येणार नाहीत आणि तुम्ही म्हणणार की मुलींना आवड नाही. रात्री मुलींना घरापर्यंत कोण सोडणार हेही आधीच ठरवा, त्यातल्याच एखादीची आई किंवा मावशी असेल तर सगळ्या घरचे पाठवतात. खोलीत मंडळाच्या कार्यकर्त्यांनी पत्ते खेळायचे नाहीत हा नियम करायला लाज वाटू देऊ नका.

कागदपत्रं, ही खरी मदत

इथं थोडं जास्त लिहिते कारण इथं पोरं मार्क असून मागं राहतात. आणि हे काम असं आहे की शिकलेल्या शेजाऱ्यानं किंवा रिटायर झालेल्या काकांनी हातात घेतलं तर घरच्यांचे किती हेलपाटे वाचतात.

राखीव जागेतून प्रवेश घ्यायचा असेल तर नुसता जातीचा दाखला पुरत नाही, जात वैधता प्रमाणपत्र लागतं, आपण व्हॅलिडिटी म्हणतो ते. ते जिल्हा जात पडताळणी समितीकडून मिळतं आणि अर्ज अकरावी-बारावीतच कॉलेजच्या पत्रासह करायचा असतो. निकाल लागल्यावर धावलात तर सगळा जिल्हा त्याच रांगेत असतो. त्यासाठी जुने पुरावे लागतात, एससीला १० ऑगस्ट १९५० च्या आधीचे, व्हीजेएनटीला (भटक्या-विमुक्तांना) २१ नोव्हेंबर १९६१ च्या आधीचे, ओबीसी आणि एसबीसीला (विशेष मागास) १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचे. म्हणजे आजोबा-पणजोबांचा शाळेचा दाखला, जन्म-मृत्यूची नोंद, जुनं खरेदीखत. आता सोलापुरात कितीतरी घरं दोन-तीन पिढ्यांमागं तेलंगणाकडून मागावर कामाला आलेली, कुणाचे पणजोबा गिरणीत होते, शाळेत गेलेच नव्हते. ते कागद शोधायचे म्हणजे जुन्या शाळेत जाऊन रजिस्टर उघडायला लावायचं, महापालिकेत नोंद काढायची, गावाकडच्या चुलत्याला फोन करायचा. बारावीचं पोर हे करू शकत नाही आणि रोजावर जाणाऱ्या बापाचा एकेक दिवस बुडतो. ज्याला ऑफिसात कसं बोलायचं ते कळतं त्यानं जावं.

बाकीचे दाखले, उत्पन्नाचा, डोमिसाईल, नॉन क्रिमिलेअर, ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल घटकाचा), हे सेतू किंवा महा ई सेवा केंद्रातून. यादी करा, तारखा लिहा, कुठल्या कागदाची मुदत मार्चअखेर संपते ते बघा. नावातला घोळ आत्ताच बघा, आधारवर एक स्पेलिंग, दहावीच्या मार्कलिस्टवर दुसरं, आणि आडनाव तेलुगू असेल तर तिसरंच. फॉर्म भरताना हे सापडलं की रात्रभर रडारड.

पैशाच्या योजनाही माहिती करून सांगा, पोरांना कुणी सांगत नाही. विडी कामगारांच्या मुलांसाठी केंद्राच्या कामगार खात्याची शिष्यवृत्ती आहे, नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवर अर्ज करायचा, विडी कामगाराचं ओळखपत्र लागतं, मेडिकल-इंजिनिअरिंगसारख्या कोर्सला वर्षाला २५,००० रुपयांपर्यंत मिळतात. ज्या आज्जीचं कार्ड ट्रंकेत तळाला आहे ते शोधून काढा. ओबीसी, व्हीजेएनटी, एसबीसी मुलांसाठी महाज्योती संस्थेचं नीट-जेईई-सीईटीचं मोफत ऑनलाइन कोचिंग असतं, टॅब आणि डेटासकट, पण ते दहावी झाल्यावर लगेच बघावं लागतं, म्हणून हे बारावीच्या नाही, दहावीच्या पालकांना सांगा. आणि मुलींचं तर २०२४-२५ पासून ईडब्ल्यूएस, एसईबीसी (मराठा), ओबीसीतल्या, घरचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असलेल्या मुलींची व्यावसायिक कोर्सची शिक्षण फी आणि परीक्षा फी शासन पूर्ण भरतं, कॅपमधून (सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेऱ्यांमधून) प्रवेश घेतला तर, मॅनेजमेंट कोट्याला नाही. "मुलीला कशाला एवढं शिकवायचं, फी कोण भरणार" म्हणणाऱ्या तात्यांना हे वाक्य दोनदा वाचून दाखवा.

परीक्षेचा दिवस

सोलापूर हे सेंटरचं गाव आहे, त्यामुळं करमाळा, माळशिरस, सांगोला, अक्कलकोट, सगळीकडची पोरं इथं येतात, काही शंभर किलोमीटरच्या वरून. पाहुण्यांचं पोर आदल्या रात्री तुमच्याकडं उतरलं तर त्याला मटण-भाकरीचा बेत करू नका. आग्रह करायची आपली खोड जाता जात नाही, पण त्या रात्री वरण-भात, दही, झालंच तर ज्वारीची भाकरी आणि बिनतिखटाची भाजी. शेंगाचटणी डब्यात बांधून द्या, परीक्षा झाल्यावर खाईल. साडेनऊला दिवे बंद, गप्पा मारायला आईवडिलांना बाहेर घेऊन बसा. कूलरमधलं पाणी झोपायच्या आधी भरा.

आदल्या दिवशी संध्याकाळी सेंटर बघून या, पोराला न घेता गेलात तरी चालतं. एकाच संस्थेच्या दोन-तीन शाखा असतात, एक गावात आणि एक पार हायवेला, आणि रिक्षावाला नावावरून गावातल्या शाखेला नेऊन सोडतो. पत्ता ॲडमिट कार्डावरचा बघायचा, संस्थेच्या नावावर जायचं नाही.

नीटचं गेट दीडला बंद होतं. दीड म्हणजे दीड, एक पस्तीसला रडून उपयोग नाही. आणि मे मधला सव्वा वाजताचा गेटसमोरचा सीन एकदा बघाच, तेव्हाच कळतं आपण काय करू शकतो. ऊन डोक्यावर, डांबर मऊ झालेलं, पोलीस आणि तपासणीवाले, आणि रांगेत एक मुलगा बूट घालून आलेला. बूट चालत नाहीत, चप्पल किंवा साधी सँडल पाहिजे. बापाच्या पायातली चप्पल काढून त्याच्या पायात, बाप तापलेल्या रस्त्यावर अनवाणी, तीन नंबर मोठी चप्पल फटफट वाजवत पोरगं आत. मागं एका मुलीची नाकातली चमकी निघत नाहीये, आईच्या हाताला घाम, चमकी फिरतेय नुसती. कुणाच्या मनगटाला सिद्धेश्वरांचा दोरा, गाठ इतकी घट्ट की सुटत नाही. पूर्ण बाह्यांचा शर्ट. पासपोर्ट फोटो घरी राहिला.

म्हणून सेंटरजवळ राहणाऱ्यांनी किंवा मंडळाच्या पोरांनी एक टेबल टाकावं. त्यावर वेगवेगळ्या मापाच्या साध्या चपला, छोटी कात्री, नेलकटर, नाकातली चमकी काढायला थोडं खोबरेल तेल, सेफ्टी पिना, दागिने ठेवायला पाकिटं आणि त्यावर नाव लिहायला पेन, दोन-चार अर्ध्या बाह्यांचे टीशर्ट, पारदर्शक पाण्याच्या बाटल्या, गोंद. जवळचं झेरॉक्स आणि फोटोचं दुकान रविवारी उघडं ठेवायला सांगा, हे लई महत्त्वाचं. टेबलावर मोठ्या अक्षरात लिहा की मोबाईल, घड्याळ, बॅग आमच्याकडं टोकन देऊन ठेवा. आणि फ्लेक्स लावू नका हो कृपा करून, "परीक्षार्थींना हार्दिक शुभेच्छा" खाली अकरा जणांचे फोटो, त्या फ्लेक्सच्या पैशात पन्नास बाटल्या येतात.

पोर आत गेलं की आईवडील तिथंच थांबतात, दोन ते पाच पूर्ण ऊन, गाडीच्या सावलीत बसलेले असतात. जवळचं मंगल कार्यालय, देऊळ, मशीद, समाजमंदिर, कुणाचा मोठा हॉल असेल तर उघडा. सतरंजी, पंखा, ताक. ताकात मीठ घाला जरा जास्त. कुणाला घेरी आली तर काय करायचं ते ठरवलेलं असू द्या, एक गाडी तयार.

जेईई आणि सीईटी कॉम्प्युटरवर असतात, सकाळची शिफ्ट नऊला सुरू म्हणजे पोराला सातच्या आसपास निघावं लागतं, सेंटर केगाव किंवा कुंभारीकडं असेल तर अजून आधी. सिटी बसच्या भरवशावर राहू नका. ज्यांच्याकडं चारचाकी आहे त्यांनी आधीच सांगून ठेवायचं की अमुक तारखेला मी सोडतो. आणि गाडीत बोलायचं नाही. रेडिओ बंद, प्रश्न बंद, एसी नसेल तर काचा खाली, संपलं.

पेपर सुटल्यावर "कसा गेला" नको. मी हा प्रश्न विचारणाऱ्यांचे चेहरे बघितलेत, उत्तर ऐकायच्या आधीच पुढचा प्रश्न तयार असतो. "भूक लागली का" विचारा. आन्सर की त्याच्यासमोर उघडू नका.

निकाल आणि त्यानंतर

पर्सेंटाइल म्हणजे टक्के नाहीत, एवढं एक जरी सगळ्या पाहुण्यांना समजलं तरी घरोघरची निम्मी भांडणं कमी होतील. सीईटीला ९० पर्सेंटाइल म्हणजे शंभरातले नव्वद मार्क नाही, तर बसलेल्या शंभरातल्या नव्वद जणांच्या बरोबरीला किंवा पुढं. आणि नीटचे मार्क एका वर्षाचे दुसऱ्या वर्षाशी लावू नका. २०२४ ला पहिल्या निकालात ७२० पैकी ७२० पडलेले ६७ जण होते, सुधारित निकालात १७ राहिले. आणि २०२५ ला पेपर इतका अवघड की देशात पहिल्या आलेल्याला ६८६. मग "आमच्या सोनूला तर त्यावेळी सहाशे होते" याला काही अर्थ आहे का? विचारायचंच असेल तर रँक विचारा, आणि शक्यतो तेही विचारू नका. २०२५ ला २२ लाखांवर मुलं बसली आणि देशात एमबीबीएसच्या जागा सव्वा लाखाच्या आत-बाहेर, त्यातल्या सरकारी साधारण निम्म्या. म्हणजे न लागणं हेच जास्तीत जास्त मुलांच्या बाबतीत होणार आहे, पोर नालायक आहे म्हणून नव्हे.

निकालाच्या दिवशी फोन करू नका, दोन-तीन दिवस जाऊ द्या. पेढे वाटणाऱ्या घराकडं जसे जाता तसे ज्यांचं झालं नाही त्यांच्याकडंही जा, पण नेहमीसारखे, चहाला, काहीतरी निमित्त काढून. पोराला सांत्वन नको असतं. त्याला क्रिकेट बघायला बोलवा, बाजारात बरोबर न्या.

आता याकडं लक्ष ठेवायचं. पोर जेवत नाही, रात्रभर जागं, मित्रांचे फोन घेत नाही, आपल्या वस्तू कुणाला तरी देऊन टाकतंय, "मी नसतो तर तुमचे पैसे वाचले असते" असलं काही बोलतंय, तर "असं बोलू नये" म्हणून दटावू नका. जवळ बसा आणि सरळ विचारा, जीव द्यायचे विचार येतात का. विचारल्यानं डोक्यात भरत नाही, उलट त्याला बोलायला वाट मिळते. एकटं सोडू नका. घरात किंवा शेतावर फवारणीची औषधं असतील ती त्याच दिवशी दुसरीकडं हलवा. टेली मानस या मानसिक आधाराच्या सरकारी फोनसेवेचा नंबर १४४१६, फुकट, दिवसरात्र चालू, मराठीत बोलता येतं, आईवडिलांनी किंवा शेजाऱ्यांनीही करायला हरकत नाही. सिव्हिलमध्ये मानसोपचार विभाग आहे, तिथं घेऊन जाताना बरोबर कुणीतरी खंबीर माणूस द्या, कारण आईला "लोक काय म्हणतील" नं घेरलेलं असतं. आणि तुम्हाला जे कळलं ते गल्लीत सांगू नका, अगदी बहिणीलासुद्धा.

पुढचा रस्ता काय हे पोराला माहिती असतं, मोठ्यांनाच नसतं. एमबीबीएस नाही तर संपलं असं नाही. नीटवरच बीडीएस, बीएएमएस, बीएचएमएस आहे, सीईटीवर बी. फार्म आणि ॲग्री आहे, नर्सिंगची वेगळी सीईटी आहे, आणि विद्यापीठाची बीएस्सी आहेच. एक वर्ष ड्रॉप घ्यायचा का नाही हे त्यानं आणि घरच्यांनी ठरवायचं, क्लाससाठी लातूर का कोटा का घरीच हेही त्यांनी. त्यात मतदान नको. घेतलाच तर "अजून बारावीच का" हा विनोद वर्षभर कुणी करायचा नाही, लग्नात तर नाहीच.

प्रवेशाच्या वेळी मात्र परत माणसं लागतात. कॅपचा ऑप्शन फॉर्म भरताना कॉलेजांचा क्रम आवडीनं लावायचा, मिळेल का नाही या अंदाजानं नाही, आणि फी, हॉस्टेल, गावाचं अंतर हे बाजूला वहीवर लिहून. ज्याचं पोर मागच्या वर्षी या सगळ्यातून गेलंय त्यानं एक संध्याकाळ द्यावी, लॅपटॉप घेऊन. फॉर्म लॉक करायच्या आधी दुसऱ्या कुणीतरी एकदा वाचायचा, कोड चुकतात. मुदतीच्या शेवटच्या रात्री साइट हमखास रेंगाळते म्हणून आदल्या दिवशीच उरका. कॉलेज लागलं की जायला दिवस कमी असतात, त्यात ओरिजनलचा एक सेट आणि झेरॉक्सचे पाच-सहा सेट, सगळ्याचे फोनवर स्कॅन, आणि बाहेरगावी जाणाऱ्या बापाबरोबर जाईल असं कुणीतरी, कारण तिथं एक खिडकीवर उभा राहायला लागतो आणि एक बँकेत.